एकाआड एक

“सकाळचा चहा घेऊन वर डेकवर जायचं आणि डाव्या हाताला बसायचं, शालू. उजवीकडे नुसतं पाणी आहे. गावं सगळी डावीकडून येतात.”

बाळकृष्णावर पळीने पाणी सोडता सोडता शालिनीबाईंना तो आवाज पुन्हा ऐकू आला आणि सहस्रनामाची साखळी तुटली. त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि दोन श्लोक मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. यजमान लक्ष्मीकांतांना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धही झालं होतं. पण सूचना द्यायचं काही त्यांनी थांबवलं नव्हतं.

आज उत्तर द्यायचा दिवस होता. लक्ष्मीकांतांचे मित्र कृष्णराव वैशाखात पुन्हा, ते दोघं मित्र गेले होते त्याच सहलीला माणसं घेऊन निघणार होते. तीस-चाळीस जणांची लहानशी बोट, इटलीच्या किनाऱ्याकिनाऱ्याने नेपल्सहून सिसिलीपर्यंत. मुकुलने म्युनिकहून आईसाठी एक जागा धरून ठेवली होती. हो की नाही, एवढंच आता कळवायचं होतं.

शालिनीबाईंना जायचं होतं. तसा शब्द दिला होता त्यांनी. पण देवांना कोण बघणार?

या घरात तो प्रश्न नवा नव्हता. सासूबाईंनी शेवटच्या आजारात मुलाला आणि सुनेला जवळ बसवून सांगितलं होतं, “माझे देव उपाशी ठेवू नका रे. घरात एक जण तरी असू द्या.” अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक आणि काळाभोर शाळिग्राम, एवढाच तो पसारा. पण त्याला सकाळी स्नान हवं, दुपारी नैवेद्य हवा, संध्याकाळी वात हवी. दोघांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून दोघं मिळून रात्रीच्या मुक्कामाला कुठे गेले नाहीत. उज्जैनला गेले तरी नैवेद्य दाखवून निघायचं आणि दिवेलागणीला इंदूरच्या लालबागेच्या मागच्या या दोन खोल्यांत परत.

मोठे प्रवास एकाआड एक. यंदा लक्ष्मीकांत रामेश्वरला, पुढच्या वर्षी शालिनीबाई. नातू झाला तेव्हा आधी त्या म्युनिकला गेल्या. त्या परतल्यावर ते. वीज मंडळाच्या कचेरीत नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस तो. प्रवासाहून आला की आधी पाय धुवायचा, देवाला नमस्कार करायचा, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगायला लागायचा. कुठल्या धर्मशाळेचं पाणी जड आहे, कुठल्या देवळात मागच्या दाराने लवकर दर्शन होतं, कुठे चप्पल सांभाळायची. वर्षभराने शालिनीबाई तिथे उभ्या राहायच्या तेव्हा सगळं पाठ असल्यासारखं वाटायचं. परत आल्या की ते विचारायचे, “ती फुलंवाली म्हातारी होती का गं अजून?” आणि ह्या म्हणायच्या, “होती. तुमची आठवण काढत होती.” खरं तर म्हातारीला ते कुठले आठवायला! पण दोघं हसायचे. त्यांचा जो काही एकत्र प्रवास झाला, तो त्या स्वयंपाकघरात झाला.

बोटीच्या वेळीही तसंच. आधी ते गेले. रोज आपल्याकडच्या आरतीच्या वेळेला व्हिडिओ कॉल लावायचे, कॅमेरा समुद्राकडे फिरवायचे आणि म्हणायचे, “देवांना दाखव गं.” शालिनीबाई मोबाईल देवघरासमोर धरायच्या. निळं पाणी, त्यावर डोंगराच्या उतरणीला चिकटलेली गुलाबी-पिवळी घरं. परतल्यावर महिनाभर तेच बोलणं. समुद्रातच उभा राहिलेला ज्वालामुखीचा एक डोंगर रात्री निखाऱ्यासारखा कसा फुलतो, ते तर त्यांनी दहादा सांगितलं. लिंबांच्या बागा असलेल्या एका गावाबद्दल मात्र एवढंच म्हणाले, “पायऱ्या पुष्कळ आहेत. वरून फार सुंदर दिसत असणार. तुला बघायचंय ते.”

दिवाळीनंतर छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नळ्यांच्या गुंत्यातून हात बाहेर काढून त्यांनी बायकोचं मनगट धरलं.

“आता तुझा नंबर. चुकवायचा नाही.”

“तुम्ही आधी घरी चला.”

“शब्द दे.”

“नाही चुकवणार,” त्या म्हणाल्या होत्या.

कृष्णराव आले ते दारातूनच आवाज देत. “वहिनी, पोहे केले असतील तर बसतो, नाहीतर उभ्या उभ्या उत्तर घेऊन जातो.”

“केलेत. बसा.”

त्यांनी पोह्यांवर शेव घातली, लिंबाची फोड ठेवली आणि बशी पुढे केली. मग स्वतःच्या पदराकडे बघत म्हणाल्या, “भावजी, माझं काही जमायचं नाही. त्या जागी दुसरं कोणी बघा.”

“का? पासपोर्ट आहे, तब्येत फर्स्ट क्लास आहे, मुकुल तिकडून येऊन भेटणार आहे. अब क्या बाकी रह गया?”

“देव.”

कृष्णरावांनी चमचा बशीत ठेवला. एरवी हा माणूस लालबागेत फिरायला आलेल्या निम्म्या लोकांची टिंगल करायचा. आज त्याने खुर्ची पुढे ओढली.

“वहिनी, एक गोष्ट सांगू? भियाने, तुमच्या लक्ष्मीकांतने, कसम घातली होती, सांगायचं नाही म्हणून. पण आता तोच नाही, तर कसमेला काय करू?”

“काय झालं?”

“तो बोटीतून उतरायचा फक्त धक्क्यापर्यंत. गावात गेलाच नाही. एकाही.”

शालिनीबाईंना आधी कळलंच नाही. “गुडघे दुखत होते का त्यांचे?”

“गुडघे नाही हो. धक्क्यावर बाकडं असायचं, त्यावर बसायचा टोपी घालून. आम्ही सगळे फिरून आलो की विचारायचा. कृष्णा, चढ किती आहे, सावली कुठे आहे, बायकांना जायला बाथरूम कुठे आहे. मी बोललो, यार, इतक्या दूर आलास, चल ना वर! तर म्हणतो, रामेश्वर एकट्याने पाहिलं, काश्मीर एकट्याने पाहिलं. आता हे अर्धं ठेवतो. पुढच्या वेळी हिच्याबरोबर चढीन.”

“माझ्याबरोबर?” शालिनीबाईंचा आवाज खाली गेला. “आणि देवांचं?”

“तेच मी विचारलं. तर बोलला, देवांचं काहीतरी करता येईल रे, पण शालूला कसं विचारू? तिचा नेम आहे. तिला वाटेल, आईचा शब्द मी मोडतोय.”

शालिनीबाई देवघराकडे बघत राहिल्या. सासूबाई त्यांच्या कुठे सख्ख्या आई होत्या? त्यांनी तो शब्द इतकी वर्षं पाळला होता तो लक्ष्मीकांतांसाठी. आपण कधी म्हटलं, की चला, दोघं जाऊ, तर त्यांना वाटेल हिला माझ्या आईची किंमत नाही. काश्मीरला बर्फ बघताना हे म्हणावंसं वाटलं होतं. म्युनिकला, नातू पहिल्यांदा हसला तेव्हा तर फारच. दर वेळी त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

“पोहे गार झाले भावजी,” त्या म्हणाल्या. “दुसरे वाढते.” आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कृष्णरावांनी गारच पोहे संपवले आणि दारातून फक्त म्हणाले, “संध्याकाळपर्यंत थांबतो, वहिनी. आरामात सांगा.”

दुपारचा नैवेद्य झाल्यावर शालिनीबाई रिक्षाने जुन्या इंदूरला गेल्या. थोरल्या नणंदेकडे, भानुमतीबाईंकडे. भावाच्या मागे त्या एकट्याच उरल्या होत्या माहेरच्या. वय झालेलं, पण जिभेला अजून धार होती.

“या! सूर्य कुठून उगवला आज?” भानुमतीबाई खाटेवरूनच म्हणाल्या. “देवांना कोणाच्या भरवशावर टाकून आलीस?”

“सांजवातीच्या आत परत जाईन, वन्सं.”

“जाशीलच. माझ्याकडे कधी रात्रभर राहिलात का दोघं? माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा आधी तो जेवून गेला, मग तू आलीस. लोक विचारायचे, यांचं भांडण आहे का?”

शालिनीबाई खाली सतरंजीवर बसल्या. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरल्या.

“वन्सं, वैशाखात पंधरा दिवस देव तुमच्याकडे ठेवाल का?”

भानुमतीबाईंचा हात विड्याच्या डब्यावर होता तो तिथेच राहिला.

“काय म्हणालीस?”

“तुमचे गुडघे... त्रास होईल, कळतंय मला. नाही म्हणालात तरी चालेल. पण विचारायला आले.”

“विचारायला आलीस,” भानुमतीबाई सावकाश म्हणाल्या. “अगं, ते माझ्या आईचे देव. पाच वर्षांची होते तेव्हापासून त्यांना चंदन मी उगाळायचे. लग्नात आईला म्हटलं, एवढा बाळकृष्ण तरी दे मला. म्हणाली, देव मुलाकडे राहतात, मुली जातात. तेव्हापासून तुमच्या घरी येते, लांबून नमस्कार करते आणि जाते. कधी कोणी म्हणालं का, भानुमती, आज तू पूजा कर?”

“मला कधी वाटलंच नाही तुम्हाला...”

“तुला कसं वाटेल? मी आले की तोंड सोडायचे. तू आपली चहा टाकायला पळायचीस.” त्या हसल्या, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. “मी ठेवीन. पंधरा दिवस काय, दोन महिने ठेवीन. पण तू हे इतक्या उशिरा का विचारलंस गं?”

शालिनीबाईंनी सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळली.

“तो आला होता,” भानुमतीबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. “बोटीवरून आल्यावर. त्या दिवाळीच्या थोडंसं आधी. तू बसलीस ना, तिथेच बसला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. ताई, तुला एक विचारायचं होतं, म्हणाला. आणि मी आपली सुरू झाले. आता बरी बहीण आठवली, परदेश करून आलास, बायकोला ठेवलंस चूल सांभाळायला, असं काय काय. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. कप विसळून ठेवला आणि गेला. काय विचारायचं होतं, ते मला आज कळतंय.”

मग भानुमतीबाईंनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “नैवेद्याला काय लागतं आता त्यांना? आईच्या वेळी वरणभात असायचा, वर तुपाची धार.”

“अजून तेच.”

“बरं. शाळिग्रामाला आधी पाणी, मग दूध, ना?”

“आधी पाणी.”

“बघ, आठवतंय मला,” भानुमतीबाई म्हणाल्या.

जायच्या दिवशी शालिनीबाई पहाटेच उठल्या. विमान संध्याकाळचं होतं. बॅग आदल्या दिवशीच कृष्णरावांच्या घरी पोचली होती. त्यांनी पूजा केली, आरती केली, आणि पहिल्यांदाच, दुपारचा म्हणून ठेवायचा नैवेद्य सकाळी दाखवला. मग ताम्हनात धुतलेलं रेशमी वस्त्र अंथरलं आणि एकेक देव उचलून त्यात ठेवला. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, शेवटी शाळिग्राम. देवघरात चार ठिकाणी चंदनाचे पुसट गोल उरले. ते त्यांनी पुसले नाहीत.

देव घराबाहेर न्यायचे तर पायात चप्पल घालायची नाही आणि पोचेपर्यंत शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी माहेरी पाहिलं होतं. कोणी नियम घातला नसता तरी त्यांना आज बोलणं जमलं नसतं.

या घराला रात्रीचं कुलूप कधी लागलं नव्हतं. मुकुलने सांगितलं म्हणून एक मोठं, नवं आणलं होतं. ताम्हन डाव्या हाताने छातीशी धरून त्या उजव्या हाताने किल्ली फिरवायला लागल्या. नवं कुलूप, किल्ली अडली. देव खाली ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी दाराला खांदा लावला, श्वास धरला आणि पुन्हा फिरवली. आतून खट्‌ असा आवाज आला. शालिनीबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग किल्ली कमरेला खोचली.

गल्लीत उजाडत होतं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने त्यांना पाहून रिक्षा पुढे घेतली. “बैठो माताजी, कहाँ छोड़ दूँ?”

त्यांनी नको म्हणून मान हलवली. दुधाची पिशवी घेऊन परतणारी शेजारची यशोधरा थबकली. “काकू, इतक्या सकाळी? आणि अनवाणी?” तिची नजर वस्त्राखालच्या उंचवट्यावर गेली आणि तिने पटकन बाजूला सरून हात जोडले.

शालिनीबाईंनी तिच्याकडे बघून मान लववली. रस्ता रात्रीच्या झाडणीने स्वच्छ होता, तळव्यांना अजून गार लागत होता. ऊन चढायच्या आत जुनं इंदूर गाठायचं होतं. त्यांनी वस्त्राचं टोक नीट केलं आणि चालायला लागल्या.