उसना नकार

माईकबाईंच्या तोंडात वरचे पुढचे चार दात नव्हते आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

दात नसणं हा काही गुन्हा नाही. बावन्नाव्या वर्षी दोन पडले, दोन हलत होते ते पुढे डॉक्टरांनी काढले, झालं. दुसरं कुणी असतं तर तोंडापुढे हात धरून हसलं असतं आणि दिवस काढले असते. पण बाईंचं पोटच तोंडावर होतं. बसस्थानकाच्या जिन्याखालची खोली, एक टेबल, एक माईक आणि भोक पाडलेली काच, एवढ्या ऐवजात बसून एकोणीस वर्षं त्या गाड्या पुकारत होत्या. दात गेले आणि त्यांचा ‘सहा’ नि त्यांचा ‘दहा’ जुळे भाऊ झाले. दोन्ही ‘थहा’. फलाट क्रमांक थहा. आता माणसानं सामान उचलून जायचं कुठे?

एक दिवस व्हायचं तेच झालं. एक म्हातारं जोडपं पाऊण तास दहा नंबरवर बसून राहिलं आणि त्यांची गाडी सहावरून निघून गेली. आजोबांनी साहेबांच्या टेबलावर काठी आपटली.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, यावरूनच बाईंनी ओळखलं की बातमी वाईट आहे. “बाई, वर्षअखेरपर्यंत दातांचं काहीतरी करा,” ते म्हणाले. “नाहीतर माईक पासखिडकीवरच्या मुलीला द्यावा लागेल. तुम्हाला सामानखोलीत घेतो.” सामानखोली म्हणजे दिवसभर ट्रंका उचलणं आणि माईकचा भत्ता बंद. तो भत्ता म्हणजे बाईंच्या खोलीचं भाडं.

स्वस्तातली कवळी बाईंनी आधीच करून पाहिली होती. पहिल्याच दिवशी ‘फलाट’ म्हणताना ती माईकवर जाऊन आदळली आणि सगळ्या स्थानकानं तो खण्ण आवाज ऐकला. पक्के दात बसवायचे तर अठ्ठावीस हजार, असं डॉक्टर म्हणत होते.

आता तुम्ही म्हणाल, एकटा जीव, एकोणीस वर्षांची नोकरी, अठ्ठावीस हजार जमले नाहीत? जमले हो! एकदा नाही, तीनदा जमले. पहिल्यांदा धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा पाय मोडला. दुसऱ्यांदा भाचीची फी भरायची होती. तिसऱ्यांदा भावाच्या घराचं छप्पर गळायला लागलं. पैसे डब्यात ठेवले तर डब्यातून गेले, ट्रंकेत ठेवले तर ट्रंकेतून गेले. बँकेत ठेवले तेव्हा निदान बँकेपर्यंत जायचा त्रास तरी होता, तेवढ्या वाटेत माणूस विचार करतो. आता फोन आला. अंगठा टेकवला की पैसे गेले. बाईंना विचार करायला जागाच उरली नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. बाईंना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. समोरच्यानं “ताई, जरा अडचण आहे” म्हटलं की त्यांच्या तोंडून ‘हो’ बाहेर पडायचा, आकडा नंतर कळायचा. रात्रंदिवस राबायचं आणि महिन्याच्या शेवटी हात हलवत बसायचं. याचा त्यांना कंटाळा आला होता. कंटाळा हा शब्दही थोडा आहे. त्या थकल्या होत्या, हाडापर्यंत थकल्या होत्या.

साहेबांच्या खोलीतून त्या निघाल्या त्या सरळ नन्नाकाकांच्या टपरीपाशी जाऊन थांबल्या.

नन्नाकाका घड्याळं दुरुस्त करायचे. स्थानकाच्या भिंतीला टेकून त्यांची टपरी होती, हात पसरले तर दोन्ही बाजू लागतील एवढी. सत्तरीचे होते, डोळ्याला भिंग आणि जिभेला विष. उद्या मिळेल का? नाही. काही कमी होईल का? नाही. सुटे आहेत का? नाही. सदा नन्नाचा पाढा, म्हणून नन्नाकाका. स्थानकावर कुणी त्यांच्याकडे उसनं मागायला जात नसे. जाऊन करणार काय?

“काका,” बाई म्हणाल्या, “मला तुमचा ‘नाही’ उसना द्या.”

काकांनी भिंग काढलं. बाईंनी सगळं सांगितलं. दर पगाराला चार हजार तुमच्याकडे ठेवीन. सात पगार. मी मागायला येईन, नक्की येईन, मी मला ओळखते. रडेन, भांडेन, शिव्यासुद्धा देईन. द्यायचे नाहीत. दातांखेरीज एक पैसा द्यायचा नाही.

“मला हा उपद्व्याप नको,” काका म्हणाले.

“बघा, किती सहज म्हणालात!” बाई म्हणाल्या. “म्हणूनच तर आले.”

काकांनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “शाळेत शिकला असाल की. त, थ, द, ध, न ही दातांची अक्षरं. ‘ह’ घशातून येतो. ‘हो’ म्हणायला दात लागतच नाहीत, बाई. ‘नाही’ म्हणायला लागतात.” आणि त्यांनी भिंतीवरचं एक बंद पडलेलं मोठं घड्याळ उतरवून त्याचं पोट उघडलं. “ठेवा इथे. हे घड्याळ घ्यायला कुणी यायचं नाही.”

सहा पगार गेले. बाईंनी रिक्षा सोडली, दुपारचा चहा सोडला, चपलेला तीनदा टाके घातले. खिडकीपाशी पासवाली मुलगी येऊन उभी राहायची आणि त्या कशा बोलतात ते ऐकत राहायची. तिचाही इलाज नव्हता, तिला शिकायचं होतं. बाई सहा नंबर आला की “पाचच्या पुढचा फलाट” म्हणायच्या आणि दिवस ढकलायच्या. घड्याळाच्या पोटात चोवीस हजार झाले. आता एकच पगार राहिला होता.

आणि भाऊ आला.

धाकटा भाऊ झेरॉक्सचं दुकान चालवायचा. काचेच्या भोकाला तोंड लावून तो म्हणाला, “ताई, मशीन गेलं. वीस हजार सांगतोय दुरुस्तीचे. दुकान बंद म्हणजे चूल बंद, तुला काय सांगायचं?”

“हो रे,” बाई म्हणाल्या. “बघते.”

म्हटलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पण शब्द गेला होता. जेवणाच्या सुट्टीत त्या टपरीवर गेल्या.

“काका, वीस हजार द्या.”

“दात?”

“दात नाही. भावाचं मशीन...”

“नाही,” काका म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

बाईंनी समजावलं. हात जोडले. मग आवाज चढला. “माझे पैसे आहेत ते! माझ्या घामाचे! तुम्ही कोण लागून गेलात? त्याच्या घरात चूल पेटायची नाही आणि तुम्ही वेटोळं घालून बसलात. कवडीचुंबक कुठले! नरकात जाल!” चार माणसं जमली. एकोणीस वर्षं जो आवाज फक्त गाड्या पुकारत होता तो असा फाटलेला ऐकून एक कंडक्टर धावत आला.

काका काटा बसवत राहिले. काटा तीनदा निसटला. “रडेन, भांडेन, शिव्या देईन,” ते हळू म्हणाले. “तुम्हीच सांगितलंत. झालं सगळं. आता जा.” आणि त्यांनी फळ्या लावून घेतल्या, आतूनच.

भावाला काय सांगायचं? ‘नाही’ तर म्हणता येईना. बाईंनी खरं तेच सांगितलं, की पैसे काकांकडे आहेत आणि ते देत नाहीत. भाऊ तावातावानं टपरीवर गेला.

“ताईचे पैसे द्या.”

“कोण ताई?” काका म्हणाले. “कसले पैसे? घड्याळ असेल तर दाखवा.”

भाऊ लालबुंद होऊन परत आला. “चांगल्या माणसाच्या हाती दिलेस,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला. ते बोलणं बाईंना काट्यासारखं रुतलं.

तीन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. भावाच्या घरी मुलं उपाशी असतील आणि आपण दात बसवणार, कुठे फेडू हे पाप, असं सारखं डोक्यात. रविवारी त्यांनी कानातलं काढून रुमालात बांधलं आणि भावाचं दुकान गाठलं. आईची तेवढीच एक वस्तू उरली होती.

लांबूनच मशीनचा आवाज आला. खर्र खर्र, आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. भाऊ कागद मोजत होता. वहिनी गल्ल्यावर होती. ती मनानं साधी बाई, तिच्या पोटात काही राहत नाही. “या ताई, या! उगाच काळजी केलीत. झालं की मशीन. एफडी मोडली.”

“एफडी?” बाई म्हणाल्या.

“हो ना. मोडायची नव्हती हो, जीव तुटला अगदी. सात वर्षं हात लावला नव्हता. छपराच्या वेळीसुद्धा नाही लावला.”

भावाचा हात थांबला. मशीन चालूच होतं. एकाच कागदाच्या प्रती एकावर एक पडत होत्या.

छप्पर चार वर्षांपूर्वी गळत होतं. चार वर्षांपूर्वी बाईंनी अठ्ठावीस हजार दिले होते, आणि हलणारे दोन दात तेव्हा अजून वाचण्यासारखे होते, डॉक्टर तसं म्हणाले होते. बाई रुमालाची गाठ चाचपत उभ्या राहिल्या.

“तुमच्याकडे होते,” त्या म्हणाल्या.

“ताई, तसं नाही,” भाऊ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, त्यात खोट नव्हती. “ते अडीअडचणीला म्हणून ठेवलेले. तू कधी नाही म्हणालीच नाहीस. आम्हाला वाटायचं, तुझ्याकडे असतात.”

बाईंना संताप यायला हवा होता. चिडायलाही अंगात बळ लागतं, ते कुठून आणायचं? अडीअडचणीला म्हणून! म्हणजे ती बँकेतली ठेव शाबूत राहावी म्हणून ही दुसरी ठेव मोडायची, चालतीबोलती, जिन्याखालच्या खोलीतली. वहिनीनं पाणी आणलं. त्यांनी प्यायलं, रिकामा पेला गल्ल्यावर ठेवला आणि कानातलं घेऊन त्या पायीच घरी आल्या. वाटेत दोनदा बसावं लागलं.

सोमवारी त्या टपरीसमोर उभ्या राहिल्या.

“नरकात अजून गेलो नाही,” काका म्हणाले. “जागा नाही म्हणतात.”

बाईंना हसू आलं, तोंडापुढे हात गेला, आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. काकांनी त्यांना रडू दिलं. मग भिंग पुसत म्हणाले, “एक सांगतो. नाही म्हणायला मला मजा येते असं लोकांना वाटतं. त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही, बाई.”

सातव्या पगाराला काकांनी टपरी भरदिवसा बंद केली. पैसे त्यांनी बाईंच्या हातात दिलेच नाहीत. दवाखान्यापर्यंत स्वतः आले आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवले. “मला पावती नको,” ते म्हणाले, “दात हवेत.”

दात बसले. पहिले चार दिवस जीभ परक्या घरात आल्यासारखी वागत होती. पाचव्या दिवशी बाईंनी माईकचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, “फलाट क्रमांक सहा.” स्वच्छ सहा. पासवाली मुलगी खिडकीपाशी आली, थोडी हिरमुसली, पण हसली.

त्याच दुपारी बाई दहा नंबरवरची गाडी पुकारत होत्या तेव्हा फोन वाजला. बहीण होती. बाईंनी फोन खांद्यात धरला.

“ताई, जरा अडचण आहे गं,” बहीण म्हणाली. “पंधरा हजार होतील का?”

‘हो’ घशात तयारच होता, नेहमीसारखा. बाईंनी डोळे मिटले. जीभ वर गेली आणि नव्या दातांच्या मागे टेकली.

“नाही,” त्या म्हणाल्या.

मग बहीण म्हणाली, “बरं. बघते दुसरीकडे.” आणि तिनं फोन ठेवला.

बरं! एवढंच? बाईंनी फोन खाली ठेवला. एकोणीस वर्षं ज्याला घाबरत आलो ते एवढंसं होतं, एका ‘बरं’एवढं. हे आधी कुणी सांगितलं का नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी डोकं टेबलावर टेकलं. तेव्हा त्यांना दिसलं की बोट अजून माईकच्या बटणावरच आहे.

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. सगळं स्थानक माना वर करून भोंग्यांकडे बघत होतं. टपरीत नन्नाकाका भिंग कपाळावर चढवून उभे राहिले होते.

एक बाई कडेवरचं मूल सांभाळत, पिशव्या ओढत खिडकीशी धावत आली. “अहो, काय नाही म्हणालात? कुठली गाडी नाही?”

“गाड्या सगळ्या आहेत,” माईकबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तुमची दहावर लागलीय. सावकाश जा. ते माझं घरचं होतं.”