एक ठोका जास्तीचा

सशाच्या फासाची पितळी तार.

हनुवटी टेकते तिथे रानहंसाच्या चरबीचा डाग.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात भिजलेली पेटी.

अर्धांगवायू.

शनिवारी लग्न.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे, फक्त क्रम लागत नाही. मी जुनी फिडल. तुम्ही मला व्हायोलिन म्हणाल. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर मला घडवलं. फर विकत घेणाऱ्या माणसांच्या जहाजातून मी कॅनडातल्या जेम्स उपसागराच्या काठी आले. माझा मालक परत गेला आणि मी त्याच्या सासुरवाडीत, इथल्या क्री आदिवासींच्या घरात राहिले. तार तुटली की इथली माणसं फासाची तार लावत. थंडीने पाठ तडकली, ती माशाच्या सरसाने जोडली.

साठ वर्षं मला त्याच घरातल्या मालाकायने वाजवलं. खुर्चीत बसून, दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका धरून. त्याच्याशिवाय गावात लग्न लागलं तरी लागल्यासारखं वाटत नसे. मग गेल्या हिवाळ्यात अर्धांगवायूने त्याचा डावा हात गेला, पाय तेवढे सावरले. मी खिळ्याला लटकले.

त्याच्या नातवाच्या लग्नात पहिला नाच आजोबांच्याच चालीवर व्हायचा होता. वाजवणार नात, डेझी. ती नाही वाजवू शकली तर ती चाल आता कुणाकडेच नव्हती.

उन्हाळ्यात ऑर्कनीहून मॅग्नस नावाचा वादक आला होता, तो लग्नापर्यंत थांबला. मालाकायची जुनी टेप ऐकून तो प्रेमाने म्हणाला, "पोरी, इथे एक ठोका जास्तीचा पडलाय. आमच्याकडे असा नाही." चाल त्याच्या पूर्वजांची, म्हणून डेझीने तो ठोका काढून टाकला.

शनिवारी तिने वाजवायला सुरुवात केली आणि आठ नाचणारे एकमेकांवर आदळले.

"डेझे, माझा पाय हवेतच राहिला ना गं!" हॅरिएट आत्या ओरडली. "ठेवू कुठे?"

"आत्या, मॅग्नसकाका म्हणाले हेच बरोबर आहे."

"त्याच्या पायांना असेल बरोबर. त्याच्या बुटांचं वजन बघ!"

सगळे हसले. डेझीचे डोळे भरले. तिने मला पेटीत ठेवलं, झाकणाला हात घातला. मित्रांनो, मला वाटलं, आता संपलं.

"माझी खुर्ची तिच्यापाशी आणा," मालाकाय म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

"मुशूम, मला नाही जमत." मुशूम म्हणजे आजोबा.

"माझ्या हाताकडे बघू नकोस, तो गेला. पाय ऐक."

त्याचे दोन्ही पाय जमिनीवर पडू लागले. डेझीने मला उचललं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा गज त्या जागी क्षणभर थांबला, आणि आठही जणांचे पाय एकदम खाली आले.

"आत्ता कसं!" आत्या म्हणाली. "मॅग्नस, उभा काय राहिलास? ये! आणि मोजत बसू नकोस, नुसता पाय टाक!"

तो आला. नवरीच्या आईचा पाय तुडवला, माफी मागितली, पुन्हा तुडवला. पहाट होईपर्यंत त्यालाही जमलं. दोन्हीकडची चाल खरी होती. एक इथल्या पायांनी वाढवली होती, एवढंच.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, तारा बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. घरात कुणी जुना वादक असेल तर त्याच्या पायांशी बसा. हात आधी थकतात.

मालाकायने मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि खुर्चीत बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.