भावनाच्या मापाचा लाल जोड

मित्रांनो, मी एक जुना जोड आहे. बुटांचा जोड. जुना म्हणजे माझं वय फार आहे असं नाही, सात-आठ वर्षांचाच असेन. पण माझा घाट शंभर वर्षांपूर्वीचा आहे. पुढून गोल, पावलावर इंग्रजी टी अक्षरासारखी वादी, बाजूला एकच गुंडी, आणि मध्ये कमरेसारखी आत गेलेली बुटकी, भक्कम टाच. रंग कोकमाच्या सालीसारखा गडद लाल.

मला उलटं करून पाहाल तर तुम्हाला वाटेल, दुकानदाराने चुकून दोन वेगळ्या जोडांतले बूट एकत्र बांधले. कारण माझ्या डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा चांगलाच जाड आहे. पण ती चूक नाही. मी मुद्दाम तसा घडवलेला आहे. माझ्या मापाचं माणूस या जगात एकच, आणि तिचं नाव भावना.

भावना पनवेलजवळच्या कोन गावची. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय आखूड राहिला. तिची आई रंभा मायाळू बाई, पण लोकांच्या नजरेला फार भिणारी. घरी कुणी आलं की म्हणायची, "पाय झाकून बस गो." मग भावनाचे परकर घोट्यापर्यंत आले, पुढे पंजाबी ड्रेस पायघोळ झाले, आणि साडी तर जमिनीला टेकलेलीच. तिच्या पायांत कायम काळे, जड, डॉक्टरी बूट असत. हाताला मात्र कसब होतं. ती शिवणकाम शिकली आणि करंजाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर तिने दुकान थाटलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहायची. एकटी असल्यामुळे मशीन चालवताना ती आपल्याशीच बोलायची. माझ्या जन्माआधीची ही सगळी हकिगत मी तिच्याच तोंडून ऐकलेली आहे.

एकदा आभा नावाची एक गिऱ्हाईक मोबाइलवर एक जुनं चित्र घेऊन आली. तिला ऑफिसात जुन्या काळचा पोशाख करून जायचं होतं. चित्रात परदेशातल्या काही मुली होत्या. शंभर वर्षांपूर्वी त्या मुलींनी लांब केस कापून टाकले, कंबर आवळणारे कपडे फेकून दिले, आणि गुडघ्यापर्यंतचे सैल फ्रॉक घालून त्या नाचू लागल्या. लोकांनी नावं ठेवली, त्यांना 'फ्लॅपर' म्हणून हिणवलं. पण त्या नाचतच राहिल्या.

भावनाने आभाचा फ्रॉक शिवला. खांद्यावरून सरळ खाली येणारा, कंबरेला कुठेच न आवळणारा, खाली रेशमी दोऱ्यांची दाट झालर. शिवून झाल्यावर दुपारच्या निवांत वेळी तिने शटर अर्धं ओढलं आणि तो सहज अंगात घालून आरशापुढे चार पावलं टाकली. ती थबकलीच. चालताना तिची साडी नेहमी एका बाजूला ओढली जायची आणि लंगडणं आणखीच डोळ्यांत भरायचं. या फ्रॉकची झालर मात्र तिच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर झुलत होती. जणू असं चालण्यासाठीच ती लावली होती.

त्याच आठवड्यात तिने स्वतःसाठी एक फ्रॉक शिवला. पण खाली ते काळे डॉक्टरी बूट! दोन इस्त्र्या पायांत अडकवल्यासारखे दिसत होते.

मग तिची शोधाशोध सुरू झाली. मॉलमध्ये टाचा पेन्सिलीसारख्या बारीक, पाय ठेवला की मुरगळणार. बाजारात सगळं सपाट. ऑनलाइन एक सुरेख जोड आला, अगदी चित्रातल्यासारखा. पण त्याचे दोन्ही तळ सारखे. भावनाने डाव्यात कापडाच्या घड्या भरून पाहिल्या, तर टाचच वर येऊन बाहेर पडू लागली. तो जोड परत गेला. शेवटी ती पनवेलच्या जुन्या बाजारात तुळशीरामकाकांकडे गेली. तिचे काळे बूट तेच बनवत असत.

काका चित्र पाहून म्हणाले, "हे नाटकातले बूट, बाई. तुमच्या पायाला आधार पाहिजे. शोभा काय करायची?"

"काका, आधार तुम्ही नेहमीच देता," भावना म्हणाली. "या वेळी दोन्ही द्या ना."

"टाच असलेला बूट आणि त्यात एक तळ उंच? पडाल, आणि नाव माझं खराब होईल."

"पडले तर माझी मी उठेन. आजवर उठतेच आहे."

काकांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण चित्र ठेवून घेतलं. त्यांनी माझा पहिला तळ रबराचा केला, तो फार जड झाला. उपटून टाकला. मग हलक्या बुचाचा केला, त्याला आतून उतार दिला, वर तेच लाल कातडं मढवलं. माझ्या अंगावर नाजूक भोकांची नक्षी पाडली. असा मी जन्माला आलो. भावनाने मला पायांत घातलं, गुंड्या लावल्या आणि ती उभी राहिली. तिच्या पायांचा दाब मला पहिल्यांदा जाणवला. डावा पाय आधी घाबरत, मग हळूहळू विसावत माझ्यावर टेकला. काका जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चाला बघू." ती चालली. काका हसले नाहीत, पण दुकानाच्या दारापर्यंत पोचवायला आले.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. रविवारी संध्याकाळी ती मला घालून वडाळे तलावाकाठी फिरायला जायची. लोक वळून पाहायचे. तिचे पाय आखडायचे, ते मला आतून कळायचं. एकदा कॉलेजच्या मुलींचा घोळका मागून आला. त्यांतली एक म्हणाली, "ताई, एक मिनिट! शूज कुठून घेतले? ऑनलाइन?"

"नाही गं, इथलेच. बाजारातले."

"कसले भारी आहेत! मला मिळतील?"

"तुला नाही व्हायचे," भावना म्हणाली आणि खळखळून हसली. आजवर तिच्या पायांकडे पाहून लोकांनी 'काय झालं' एवढंच विचारलं होतं. 'कुठून घेतले' असं विचारणारी ही पहिलीच.

पण हे दिवस फार टिकले नाहीत. तिचा भाऊ मिथुन याचं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. घरच्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या, दारात मांडव, बेंजो पथक. सगळ्यांची पोलकी भावनानेच शिवली. स्वतःसाठी मात्र तिने हळदीच्या रंगाचा झालरीचा फ्रॉक शिवला. संध्याकाळी ती मला घालून मांडवात आली, तेव्हा बायकांची बोलणी एकाएकी थांबली.

रंभा लगबगीने पुढे आली. "पोरी, यो काय घातलास? पाय दिसतान सगले!"

"आये, दिसूदेत. माझेच हायत ना?"

"लोकां काय बोलतील? आज तरी नको गो. सोयरे आलेत."

भावना तिथेच उभी राहिली. तेवढ्यात फोटो काढायची वेळ झाली. नवरदेव मिथुन हळदीने माखलेला, आनंदात होता. मनाने वाईट नव्हता तो. पण बहिणीला पाहून तो हळूच म्हणाला, "ताय, तू जरा मागं उभी ऱ्हा. खुर्चीच्या मागं. पाय नाय येनार फोटोत."

भावना मागे फिरली. ती आत आईच्या खोलीत गेली. तिने माझ्या गुंड्या सोडल्या आणि मला खाटेखाली सारलं. मग लांब साडी नेसून, काळे बूट घालून ती बाहेर गेली. बाहेर बेंजो वाजत होता, सगळा गाव नाचत होता. मी खाटेखाली धुळीत पडून ते ऐकत राहिलो. मी नाचासाठीच्या घाटाचा बूट, मित्रांनो. पण मी त्या दिवशी एकही पाऊल नाचलो नाही.

लग्न उरकून परत आल्यावर भावनाने मला कागदात गुंडाळून खोक्यात घातलं आणि करंजाड्याच्या खोलीच्या माळ्यावर ठेवलं. "चांगला दिवस आला की काढीन," असं ती पुटपुटली. तो दिवस काही आला नाही. पुढे टाळेबंदी आली. सगळं करंजाडं गप्प झालं, आणि खालून फक्त तिच्या मशीनचा आवाज येत राहिला. ती मास्क शिवत होती. त्यानंतर रस्ते पुन्हा भरले, तरी माझं खोकं उघडलं नाही. पावसाळ्यात माझ्या अंगावर बुरशी चढायची, उन्हाळ्यात कातडं ताणलं जायचं. तुम्हाला वाटेल, जोड म्हणजे दोघं, त्यांना कसला एकटेपणा? पण डावा आणि उजवा मिळून आम्ही एकच असतो, आणि पाय नसला तर आम्ही कुणीच नसतो. भावना अधूनमधून तसले फ्रॉक शिवायची, बघायची आणि कपाटात टांगून ठेवायची. ते मला हँगरच्या आवाजावरून कळायचं. ते कपाटात, मी माळ्यावर.

अलीकडे एक गोष्ट घडली. रंभा अंगणात घसरली आणि तिचा पाय मोडला. ऑपरेशन झालं. करंजाड्यात लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता, म्हणून ती लेकीकडे राहायला आली. महिनाभराने वॉकर घेऊन ती खाली चालू लागली. एका संध्याकाळी फिरून आली ती चप्पलही न काढता खाटेवर बसली.

"काय झालं आये? दुखतंय का?"

"दुकत नाय," रंभा म्हणाली. "सगली माज्या पायाकडंच बगत व्हती. तोंडाकडं एक पन बगत नाय. जशी मी मानूस नाय, नुसता पायच हाय."

भावनाने तिचा वॉकर भिंतीला लावून ठेवला.

रंभाचे डोळे भरून आले. "तुला असा किती वर्सं वाटला असंल गो? आन मी तुला सांगत आले, झाक म्हनून." पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "त्या लाल चपला कुटं हायत तुज्या? घाल. उद्या आपन दोगी जाव फिराला. बगूदेत लोकांना दोगींचं पाय."

खोकं खाली आलं. किती वर्षांनी उजेड दिसला! भावनाने फडक्याने मला पुसलं. तिने पाय आत घातला, मला तो लगेच ओळखता आला. मी जीव एकवटून तिला धरलं. तिने पहिलं पाऊल टाकलं आणि माझा डावा तळ सुटला. बुचाचा भुगा फरशीवर सांडला. दुसऱ्या पावलाला वादी तुटली.

झिजून मोडलो असतो तर मला वाईट वाटलं नसतं. मी न वापरताच मोडलो.

तुळशीरामकाका एव्हाना हयात नव्हते. भावना मला पिशवीत घालून खांदा कॉलनीत कीर्ती नावाच्या बाईकडे घेऊन गेली. ती नाचाचे बूट बनवायची. कीर्तीने मला बराच वेळ हातात फिरवलं.

"दुरुस्त नाही होणार, ताई. कातडं वाळलंय, टाका धरणार नाही. पण असाच नवा करता येईल. त्यासाठी हा उसवावा लागेल. आतला उतार कसा दिलाय, ते वरून कळत नाही. आणि एकदा उसवला की परत जोडता यायचा नाही."

भावनाने मला मांडीवर घेतलं. माझ्या नक्षीवरून अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने तसं म्हणावं, अशी माझी इच्छाही होती. पण ती म्हणाली, "उसवा."

सुरी फिरली. टाका टाका सुटत गेला. तळ वेगळा, वादी वेगळी, अस्तर वेगळं. माझा एकेक तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून कीर्तीने पेन्सिलीने आखून घेतला.

काही आठवड्यांनी भावना नवा जोड न्यायला आली. तो बाटलीच्या काचेसारखा हिरवा होता. तिने झालरीचा फ्रॉक घातला होता. सोबत वॉकर घेतलेली रंभा होती, साडी जरा वर खोचलेली. कीर्तीने माझे तुकडे पिशवीत भरून पुढे केले. "जुना नेताय?"

भावनाने पिशवीत डोकावून पाहिलं. "तुमच्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "हा हिरवा मी रोज घालणार आहे. म्हणजे लवकर झिजेल. पुढचा करताना लागेल तुम्हाला."

आणि त्या दोघी गेल्या. बाहेरच्या फरशीवर एकदा वॉकर वाजत होता, एकदा नवी टाच. मग रस्त्याच्या गोंगाटात काही ऐकू येईना.

आता मी कीर्तीच्या फळीवर पिशवीत असतो. आजूबाजूला नवे बूट येतात, त्यांची माणसं येऊन त्यांना घेऊन जातात. माझ्यासाठी कुणी यायचं नाही, ते मला ठाऊक आहे. मित्रांनो, तुमच्याकडे तुमच्या आवडीची एखादी वस्तू असेल, तर चांगल्या दिवसाची वाट पाहत तिला माळ्यावर टाकू नका. तिला वापरा, पुसा, ऊन दाखवा, झिजू द्या. आणि रस्त्याने कुणी हेलकावत चाललेलं दिसलं, तर पायांकडे खुशाल पाहा. पण मग मान वर करा, तोंडाकडेही पाहा, आणि जमलं तर हसा.