बंद घरांचं उत्पन्न

दाराला बाहेरून कडी आणि कडीत अडकवलेली बोरीची काटेरी फांदी. राधाकृष्णनं हातातल्या यादीत पाहिलं, घर नंबर सतरा. शेजारचं अठराही तसंच; यादीतली अकरा घरं अशीच बंद. पाथर्डी तालुक्यातल्या त्या वस्तीवर माणसांपेक्षा ऊनच जास्त होतं, आणि ते ओट्याओट्यांवर निवांत पसरलं होतं.

"ऊस तोडाया गेलीत समदी," झुंबरबाई म्हणाली. "पाडव्याच्या पुढं येतील." वस्तीवर मागं राहिलेल्या दोन-चार म्हाताऱ्यांपैकी ती एक. शेळीचं दावं धरून लिंबाखाली बसली होती.

राधाकृष्ण नगरच्या सरकारी पाहणी कचेरीतला जुना माणूस. घरोघर जाऊन कोण किती कमावतं ते लिहायचं, ही नोकरी. एकाहत्तर सालच्या त्या जानेवारीत मात्र त्याला आकडे तपासायला धाडलं होतं. छापील अहवाल म्हणत होता की या कोरड्या भागात गरीब-श्रीमंतांमधलं अंतर बेलापूरच्या बागायती पट्ट्यापेक्षा कमी आहे. वर बसलेल्या कुणाला तरी ते पटलं नव्हतं. 'आकडे बरोबर' असा शेरा मारायचा किंवा चूक दाखवायची, आणि उद्या सकाळी कागद कचेरीत द्यायचा. गंमत अशी, की तीन वर्षांपूर्वी हे आकडे त्यानंच लिहिले होते.

खरं सांगायचं तर त्याचं चित्त आज थाऱ्यावर नव्हतंच. चार वर्षं तो एका गिरणीच्या शेअरचा भाव पेपरातून उतरवून आलेखाच्या कागदावर टिंबं देत होता. भाव चाळीसपर्यंत चढायचा आणि करंजी घाटात दमलेल्या एसटीसारखा अडायचा. चाळीसची रेघ एकदा ओलांडली की तो कुणाला सापडणार नाही, अशी राधाकृष्णची श्रद्धा. आज सकाळी पेपर उघडला तर भाव बेचाळीस. पुण्याच्या दलालाकडे त्याचे आठशे रुपये पडून होते. पाचच्या आत पाथर्डीहून तार गेली की उद्या खरेदी. मागे असाच एक शेअर एक दिवस थांबून हातचा गेला होता, ते त्याला अजून डाचायचं. सावेडीला स्वतःच्या दोन खोल्या, खिडकीशी तांदूळ निवडणारी बायको मनकर्णा, हे सगळं त्या उन्हात इतकं स्पष्ट दिसत होतं की तो उभ्या उभ्या हसला. आठशे रुपयांत दोन खोल्या कशा होणार, हा प्रश्न स्वप्नात कुणी विचारत नाही.

"मागं तुमीच आल्ते ना?" म्हातारीनं विचारलं. "आमचं लिवलं हुतं का?"

त्याला आठवलं. तेव्हाही थंडी होती, तेव्हाही ही अकरा दारं बंद होती. बंद घराऐवजी जवळचं उघडं घर घ्यावं, असा कचेरीचा नियम. उघडी घरं कुणाची, तर विहीरवाल्या आबासाहेबांची आणि त्यांच्या भाऊबंदांची. तिथं चहा पिऊन त्यानं सगळे रकाने भरले होते. गरीब कागदावर आलेच नव्हते, मग अंतर दिसणार कुठून? सगळं नियमाला धरून झालं होतं, आणि म्हणूनच त्याला जास्त शरम वाटली.

"नाही लिहिलं, आजी," तो म्हणाला.

ती रागावली नाही. "मंग आता लिवा. मी सांगते."

आत्ता निघालं तर तार जात होती. 'आकडे बरोबर' लिहायला एक मिनिट पुरलं असतं, आणि जन्मात कुणी विचारलं नसतं. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि तिच्यासमोर मातीत मांडी घातली.

गहिनीनाथच्या घरी नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे जोडीची मिळून एकच मजुरी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दसऱ्यालाच संपलेली. राहीबाईला नवरा नाही, म्हणून तिला अर्धी मजुरी. कुणाचा किती टन ऊस तुटला, कोण किती दिवस आजारी पडलं, म्हातारीला सगळं तोंडपाठ होतं. मध्येच ती थांबायची, आता पोरं काय करत असतील म्हणून पुटपुटायची, आणि तोही लिहायचा थांबायचा. पाच वाजून गेले, तार राहिली. सावेडीची खिडकी दिसेनाशी झाली. त्यानं पुढच्या ओळीवर घर नंबर वीस लिहिलं.

शेवटी शेरा मारला: तीन वर्षांपूर्वीचे आकडे चुकीचे, लिहिणारा मीच. खाली सही केली.

"वाचून दावा," झुंबरबाई म्हणाली.

तो वाचू लागला. गहिनीनाथ, मच्छिंद्र, राहीबाई, कडूबाई. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नाव आलं की ती त्या त्या दाराकडं बघायची, आतून कुणी ओ देईल एवढा वेळ थांबायची आणि मग मान हलवायची. पुढं पुढं तोही तेवढं थांबूनच दुसरं नाव घेऊ लागला.