गळथूथीची वाटी

सातव्या महिन्यात एकदा सासू-सुना वालपापडी निवडत बसल्या असताना मोहनाने विषय काढला.

"आई, बाळाला सहा महिने माझ्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांचं म्हणणं आहे, आणि माझंही. घरातल्या सगळ्यांसाठीच सांगतेय."

"बरं," निरुपमाताई म्हणाल्या. बरं म्हणायला काय जातं! मनात म्हणाल्या, वेळ आली की बघू.

त्यांच्या मनात होती गळथूथी. बाळ जन्मलं की घरातल्या एखाद्या भल्या माणसाने मधाचं बोट त्याला चाटवायचं. ज्याचं बोट, त्याचे गुण मुलात उतरतात. गायकवाडांच्या फौजेबरोबर बडोद्यात आलेल्या त्यांच्या सासरच्या घराण्याने गुजराती शेजाऱ्यांची ही रीत केव्हाच आपली करून टाकली होती. त्यांच्या मुलाच्या, विहंगच्या वेळी ते बोट लावलं थोरल्या नणंदेने, चारुलतावन्संनी. निरुपमाताई खाटेवर पडून बघत राहिल्या. त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही तोंड उघडलं नाही. पण तेव्हापासून एक ठरलं होतं, नातवंडाची गळथूथी माझी. दांडिया बाजारातल्या देवळात इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, कानांत साठलेलं थोडं तरी बोटावाटे उतरेल की नाही? चांदीची वाटी चिंचेने लख्ख घासून कपाटात तयार होती.

बाळंतपणाच्या दिवशी ती वाटी रुमालात बांधून निरुपमाताईंच्या पिशवीत आली. कोयलीच्या रिफायनरीतून रजा काढलेला विहंग मोहनाजवळ आत होता, आणि त्या बाहेर बाकावर जपमाळ ओढत होत्या. सकाळी तो धावत आला. "आई, मुलगी! दोघी छान आहेत. जरा वेळाने खोलीत आणतील, मग एकेकाला सोडतील."

निरुपमाताईंनी पदराने डोळे पुसले. एवढ्यात जिन्यावरून चारुलतावन्सं धापा टाकत वर आल्या. हातात मधाची बाटली.

"निरुपमा, चालो, आत जाऊ. करजणहून मागवलाय, अगदी अस्सल."

"एका वेळी एकच जण सोडतात, वन्सं."

"मग आधी मी जाते. विहंगला मीच चाटवला होता ना? बघ कसा निघाला!"

"बघतेय की. अजून मोजे पलंगाखाली फेकतो."

"थट्टा नको करूस."

निरुपमाताईंच्या ओठांवर आलं होतं, 'या खेपेला माझी पाळी!' पण ते तिथेच अडलं. पाळी हिची की माझी, असं आपण इथे भांडायचं, आणि खाटेवरची बाई नुसती बघत राहणार. ते बघत राहणं कसं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"वन्सं, मध द्यायचा नाहीये. मोहनाने नाही म्हणून सांगितलंय."

"आ शुं नवीन काढलं? कालची पोर सांगणार आणि आपण ऐकणार?"

"कीर्तनाला गादीवर विशीतला बुवा उभा राहिला तरी आपण वाकून नमस्कार करतोच ना? तो म्हणेल तेव्हा टाळ्या वाजवतो. आज गादीवर मोहना उभी आहे. आपण समोर बसायचं."

"मग मुलीत गुण यायचे कुठून?"

"कानातून. नवविधा भक्तीत पहिली श्रवणाची, वन्सं. चाटण्याची एकही नाही."

वन्संनी मनातल्या मनात नऊही मोजून पाहिल्या असाव्यात. "तुझ्याशी कोण बोलणार, बाई! शास्त्र तोंडपाठ," असं म्हणत बाटली निरुपमाताईंच्या मांडीवर ठेवून त्या रिकाम्या हातांनी आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या. "नाक आपल्या घराण्याचं आहे," एवढंच बोलून विहंगला घेऊन चहा प्यायला खाली उतरल्या.

निरुपमाताई आत गेल्या तेव्हा मोहना उठायच्या खटपटीत होती. नर्सने तिला आधार दिला होता.

"आई, जरा घ्या हिला. मी तोंड धुऊन येते."

नर्स तिला आत घेऊन गेली आणि बाथरूमचं दार लागलं. खोलीत उरल्या दोघीच, आजी आणि नात. पोर डोळे मिटूनच ओठांनी काहीतरी शोधत होती. शेजारी स्टुलावर पिशवी. पिशवीत वाटी, आणि आता अस्सल मधसुद्धा. एक बोट, कुणाला कळणार? देवाला कळलं असतं, पण देव समजूतदार. इतक्या वर्षांची इच्छा होती, एवढं पोटात घातलं असतं त्याने. निरुपमाताईंचा हात पिशवीच्या चेनपर्यंत गेला.

आणि मोहनाला काय सांगायचं? आत्ताच बाहेर एवढं निरूपण झोडलं, ते वन्संपुरतंच होतं का?

हात मागे आला. त्यांनी नातीला छातीशी धरलं आणि तिच्या इवल्या कानाशी हळू आवाजात विठ्ठलाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पोर ओठ हलवायची थांबली. ऐकत होती की झोपली, ते पांडुरंग जाणे.

मोहना येऊन सावकाश पलंगावर टेकली. नर्स गेल्यावर निरुपमाताईंनी रुमालातली वाटी काढून तिच्यासमोर ठेवली.

"हे आणलं होतं बघ मी. तू नको म्हणाली होतीस तरी."

"माहीत आहे. चिंचेने घासताना विहंगने पाहिलं होतं तुम्हाला."

"आणि तरी पोर माझ्या हातात देऊन गेलीस?"

"तुम्ही बरं म्हणाला होतात ना, आई."

निरुपमाताईंनी पिशवीतून मधाची बाटलीही काढली. ते 'बरं' त्यांनी कसल्या मनाने म्हटलं होतं, ते त्यांनाच माहीत.

"मग या मधाचं काय करू?" त्या म्हणाल्या.

"माझ्या हाताने तुम्ही चाटा," मोहना हसली. "बघू काही गुण लागतो का."

तिने वाटीत दोन थेंब ओतून त्यात बुडवलेलं बोट पुढे केलं, आणि निरुपमाताईंनी, कुणी येत नाही ना हे दाराकडे बघून, ते चाटलं.

मध खरंच अस्सल होता.