फारुकची फियाट

फारुकने कुवेतहून कळवलं, मुंबईच्या दोस्ताने, नासिरने, फियाट घेऊन ठेवली आहे, ती मी येण्याआधी पूर्णगडला दारात उभी पाहिजे. मात्र ती चालवत आणायची नाही, ट्रकमधून आणायची. घाटात नव्या गाडीचे हाल होतात.

कुलसुमला नवल वाटलं. नवरा तिकडे तेरा वर्षं ड्रायव्हर. मुंबईला उतरणारच होता, तर स्वतःच का नाही आणत? पण परदेशातल्या माणसाशी वाद घालता येत नाही. उत्तर येईपर्यंत राग राहत नाही.

मे महिना होता. आंबा भरून मुंबईला गेलेले ट्रक रिकामे परतत होते. कुलसुम पावसच्या ट्रकवाल्या आत्मारामशेटकडे गेली. शेट म्हणाला, आजवर आपण आंबा नेला, सुकी मासळी नेली, एकदा बँडवाले नेले. मोटार काय, तीही आणू. त्याने सावर्ड्याच्या रघू ड्रायव्हरला सांगितलं. मुंबईत गोदामाच्या फलाटावरून नासिरने ती ट्रकमध्ये ढकलून चढवून दिली.

ट्रक पूर्णगडला पोचला. गाव जमलं. गाडी वर, गाव खाली, आणि मधे फलाट नाही. कोणी म्हणालं दोर बांधून सोडू, कोणी म्हणालं गवताच्या पेंढ्या रचू. रघू शांतपणे बिडी ओढत होता. त्याचं काम आणण्याचं होतं.

कुलसुमने जरा विचार केला आणि ट्रक सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरच्या, चिऱ्याच्या खाणीत न्यायला लावला. दगड काढून काढून तिथे कमरेच्या वर उंचीची सरळ भिंत झाली होती. ट्रक खाणीत उतरवून त्याची पाठ त्या भिंतीला लावली, वर दोन फळ्या टाकल्या, आणि गाडी अलगद सड्यावर आली. तिथून घरापर्यंत गावाने ढकलत नेली. कुलसुमची सासू मासूमा गाडीत बसली होती. लग्नानंतर एवढी माणसं आपल्याभोवती पहिल्यांदाच जमली, असं ती म्हणाली.

फारुक आला. गाडीभोवती फिरला, दार उघडून बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. बराच वेळ तसाच बसून राहिला. माणसं पांगली तेव्हा कुलसुम शेजारी येऊन बसली.

"चालू करा ना."

"मला येत नाही."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तिथं मी गाड्या धुतो," तो समोर बघत म्हणाला. "पहिल्यांदा घरी ड्रायव्हर म्हणून कळवलं. मग ते बदलायचं राहून गेलं."

तेरा वर्षं गावभर आपण काय काय सांगितलं, ते कुलसुमला एकदम आठवलं. राग आला, पण त्याचे हात दिसले. साबणाच्या पाण्याने बोटांची कातडी सोलली होती.

"मग ही धुवा," ती म्हणाली. "खाणीतली धूळ बसलीय."

त्याने धुतली. अशी धुतलेली गाडी पूर्णगडने पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी कुलसुमने आत्मारामशेटकडून रघूला बोलावणं धाडलं.

रजा संपेपर्यंत फारुक बऱ्यापैकी चालवू लागला. फक्त मागे घेणं त्याला काही साधलं नाही, त्यामुळे गाडी वळवायला पार पावसपर्यंत जावं लागे. मासूमाची त्याला हरकत नव्हती. ती रोज नमाज आटोपून, चांगली ओढणी घेऊन, आधीच मागच्या सीटवर जाऊन बसलेली असे.