लेफ्ट हाफची बायको

माझा नवरा निनियन गौर्ली एका गावात टिकेल तर शपथ. स्कॉटलंडमधल्या पेस्लीहून आम्ही अमेरिकेला आलो ते एका गिरणीच्या फुटबॉल संघासाठी. गिरणीत त्याला नावापुरतं काम, शनिवारी सामना; तो लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा. मोसम संपत आला की दुसऱ्या गिरणीचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, माझ्या हातच्या ओटच्या भाकऱ्या चापायचा आणि जाताना आमचं बिऱ्हाड हलवून जायचा. विंचवाचं बिऱ्हाड त्याच्याच पाठीवर असतं; आमचं माझ्या पाठीवर होतं. मी विणकरीण. प्रत्येक गावात नवे माग, नवा मुकादम आणि मुलीला नवी शाळा.

फॉल रिव्हरला आल्यावर मी सांगून टाकलं, आता बस. इथे मला खिडकीजवळचे माग मिळाले होते. मुलीला मैत्रिणी झाल्या होत्या. निनियन पस्तिशीला आला होता, गुडघा कुरकुरत होता, आणि त्या हिवाळ्यात संघाने त्याला बाहेर बसवलं. तरी दर शनिवारी तो बूट घेऊन जायचाच.

"बाहेर बसून करतोस तरी काय?"

"बघतो. माझ्या जागी घेतलाय ना, त्याला डावा पायच नाही."

"दोन्ही पाय आहेत त्याला. मी पाहिलेत."

"तू माग बघ, एल्सी."

एका रविवारी, आम्ही चर्चहून येतोय तोच पॉटकेटच्या एका गिरणीतला क्रॉफ्ट नावाचा माणूस दारात उभा. निनियनने घाईघाईने कॉलर सारखी केली, न लंगडता खुर्ची आणून दिली आणि चहा यायच्या आत सुरू झाला, की आपण मैदानात मागे कसे राहतो, चेंडू कडेच्या गड्याला कसा काढून देतो. मी भाकऱ्या थापल्या आणि आपटतच वाढल्या.

क्रॉफ्टने त्याचं बोलणं संपू दिलं. मग माझ्याकडे वळला. "मिसेस गौर्ली, मी तुमच्यासाठी आलोय. आम्ही चौकड्यांचं कापड काढतोय. तुमचा हात चांगला आहे असं ऐकलं."

"आणि हे?"

"मैदान राखायला माणूस लागतोच. गवत कापायचं, रेषा आखायच्या."

निनियनने कप बशीत ठेवला. मग विचारलं, "चुना बरा मिळतो का तिकडे?"

मला क्रॉफ्टचा राग आला, निनियनची कीव आली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. "आम्ही इथून हलणार नाही," मी म्हटलं. क्रॉफ्टने टोपी उचलली.

निनियन त्याला दारापर्यंत सोडून आला. कॉलर काढली, शेगडीजवळ बसला. "बरं केलंस. तुझे माग चांगले आहेत इथे."

इतक्या वर्षांत माझ्या मागांबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. मग त्याने खेळायचे बूट घेतले आणि नाड्या ओढून काढायला लागला. सावकाश, एकेक. मी कायम हेच मागत आले होते, की हा माणूस घरात स्वस्थ बसावा. बसला, आणि मला ते बघवेना.

पिठाच्या हातांनीच मी जिना उतरले. क्रॉफ्ट कोपऱ्यावर ट्रामची वाट बघत होता.

"तुमच्या गावात आणखी संघ आहेत का हो?" मी विचारलं.

"दोन-तीन आहेत. एक तर अगदीच रद्दी."

"त्या रद्दी संघाला लेफ्ट हाफ हवाय का विचारा," मी म्हटलं. "मग मी येते."